पाण्याच्या ट्यूबमधला डीएनए

बीएस्सीचं दुसरं वर्ष संपलं तोवर मायक्रोपिपेट (अगदी थेंबाहून कमी द्रव मोजून घ्यायचं साधन) माझ्या हातात जेमतेम चार वेळा आलं होतं. कॉलेजात अख्ख्या बॅचला एकच पीसीआर मशीन, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारं यंत्र. मॅडम करून दाखवणार, आम्ही जर्नल भरणार. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा, खास पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी २००४ पासून चालणारा एनआययूएस (नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स) हा संशोधनाची संधी देणारा उपक्रम मला कळला तेव्हा अर्जाची मुदत उलटली होती. (पहिल्या वर्षाला असाल तर आजच तारखा बघून ठेवा.) मग मुंबईतल्या प्राध्यापकांना मेल लिहीत सुटले. सगळ्यांना एकच मजकूर पाठवला, एकाचंही उत्तर नाही. एका मॅडमचा पेपर वाचून, न कळलेली गोष्ट विचारली, त्यांच्या लॅबमधून बोलावणं आलं.

पहिला आठवडा पीएचडी करणाऱ्या ताईने मला नुसतं पाणी मोजायला लावलं. १०० मायक्रोलिटर पाणी वजनकाट्यावर ०.१ ग्रॅम भरायला हवं. माझं कधी ०.०९३, कधी ०.१०४. मी पिपेटचं बटण पटकन सोडत होते, त्यामुळे टोकाच्या प्लास्टिकच्या टिपमध्ये हवा शिरायची. डोंबिवलीच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या अंगठा हळू सोडायची सवय केली.

मग पीसीआर. तयार झालेला डीएनए जेलीसारख्या थरावर, म्हणजे जेलवर, पट्ट्यासारखा दिसतो, तो बँड; प्रत्येक नमुन्याची लेन वेगळी. जेलवर माझा बँड आला आणि मी हरखले. ताईने शेवटच्या लेनवर बोट ठेवलं. तो निगेटिव्ह कंट्रोल, त्यात डीएनए घातलेलाच नव्हता, तरी तिथेही बँड! दर सायकलला डीएनए दुप्पट होतो. ३० सायकलमध्ये एका रेणूचे शंभर कोटींच्या वर होऊ शकतात. कुठेतरी एक कण सांडला की संपलं.

कॉलेजात अशा वेळी शेजारचीचं रीडिंग उतरवलं असतं. इथे ताई म्हणाली, "शोध." पीसीआरच्या मिश्रणातलं बफर, डीएनटीपी, प्रायमर, एन्झाइम, पाणी: रोज एकच गोष्ट नवीन घ्यायची, बाकी सगळं जुनंच. चार दिवस बँड हटला नाही. रात्री झोप लागेना. पाचव्या दिवशी पाण्याची नवी ट्यूब उघडली. वापरलेली टिप मीच कधीतरी जुन्या पाण्यात बुडवली असणार.

त्या संध्याकाळी यूव्हीखाली माझे सगळे बँड नारिंगी चमकत होते. ताई उठून आली आणि शेवटची, काळी, रिकामी लेनच बघत राहिली. त्या जेलचा फोटो मी वहीत चिकटवलाय.