मिरवणुकीचं थेट प्रक्षेपण: सकाळच्या वेगावर एन्कोडर लावू नका

अनंत चतुर्दशीच्या रात्री बेळगावात, रामलिंगखिंड गल्लीसारख्या दाटीच्या ठिकाणी, थेट प्रक्षेपण अडकतं. दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो. सकाळी रिकाम्या गल्लीत अपलोड १५ एमबीपीएस दिसतो आणि त्या भरवशावर एन्कोडर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र दाबून इंटरनेटवर पाठवणारं यंत्र, ८ वर ठेवला जातो. रात्री त्याच टॉवरवर शेकडो फोन व्हिडिओ पाठवू लागले की वेग २-३ वर येतो. म्हणून चाचणी देखावे बघायला गर्दी लोटते त्या संध्याकाळी घ्या, पाच-सहा वेळा. सगळ्यांत कमी आलेल्या आकड्याच्या निम्मा बिटरेट (दर सेकंदाला पाठवायचा डेटा) ठेवा. ५ मिळाले तर अडीच, आणि मग चित्र १०८० ऐवजी ७२०. अडकणाऱ्या १०८० पेक्षा सलग चालणारं ७२० केव्हाही चांगलं.

एन्कोडरमध्ये एच.२६४ (चित्र दाबण्याची पद्धत), सेकंदाला २५ फ्रेम, सीबीआर (कायम एकसारखा बिटरेट) आणि की-फ्रेम (पूर्ण चित्राची फ्रेम) दर २ सेकंदांनी, म्हणजे ५० फ्रेमना एक. आवाज एएसी पद्धतीचा, ४८ किलोहर्ट्‌झ, १२८ केबीपीएस. कॅमेराही २५ किंवा ५० फ्रेमवरच हवा आणि शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ३० फ्रेमवर रोषणाईचे दिवे लुकलुकतात. ढोल-ताशांसाठी माइकची पातळी हातानं बसवा, शिखर -१२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. ऑटोवर ठेवलं तर ठोका थांबला की मागची कुजबुज वर येते.

प्रोटोकॉलचा, म्हणजे चित्र कोणत्या पद्धतीनं पाठवायचं याचा मुद्दा नीट समजून घ्यावा असा आहे. पद्धती दोन, आरटीएमपी आणि एसआरटी. आरटीएमपी टीसीपीवर चालतं, त्यात प्रत्येक तुकडा क्रमानं पोचावाच लागतो. हरवलेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) पुन्हा येईपर्यंत मागचं सगळं खोळंबतं, बफर भरतो आणि एन्कोडर फ्रेम टाकून देऊ लागतो. एसआरटी यूडीपीवर चालतं, जे हरवलेल्या तुकड्यासाठी थांबत नाही, आणि ठरवून दिलेल्या विलंबाच्या आतच पॅकेट परत मागतं. तो विलंब पिंगच्या (संदेश जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेच्या) किमान चौपट हवा. मोबाईलवर मी सरळ १५०० ते २००० मिलिसेकंद ठेवायला सांगेन, मिरवणुकीत दोन सेकंदांनी कुणाचं काही अडत नाही. सिमकार्डला बहुधा सार्वजनिक आयपी पत्ता नसतो, म्हणून एसआरटीत एन्कोडर कॉलर (जोडणी सुरू करणारा) आणि कंट्रोल रूममधला संगणक लिसनर (तिची वाट पाहणारा). तिथल्या राउटरवर यूडीपी पोर्ट उघडा. टीसीपीचा उघडून तासभर शोधत बसणं, ही इथली नेहमीची चूक. यूट्यूबला पुढे आरटीएमपीनं त्याच संगणकावरून पाठवा.

कॅमेरा ते रिसीव्हर ही ५ गिगाहर्ट्‌झची वायरलेस जोडणी माणसांच्या अंगात शोषली जाते. रिसीव्हर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत किंवा १०-१२ फुटी स्टँडवर, अँटेना उभ्या. टोक कॅमेऱ्याकडे रोखायचं नाही, कारण टोकाच्या दिशेनं लहरी सर्वांत कमी जातात. खोक्यावरचे ३०० मीटर मोकळ्या मैदानाचे. गर्दीत शंभरही मिळतीलच असं नाही. चॅनल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६५ मधला निवडा. मधले चॅनल रडारचा संकेत मिळाला की आपोआप सोडले जातात आणि ऐन वेळी चित्र जातं.

निपाणी, कोगनोळी भागात काम असेल तर एक जास्तीची काळजी घ्या. कर्नाटक आणि महाराष्ट्र ही वेगळी दूरसंचार मंडळं. मोडेम महाराष्ट्रातल्या कागलकडचा टॉवर पकडून पुन्हा इकडे येतो आणि आयपी पत्ता बदलला की प्रवाह तुटतो. नेटवर्कची निवड ऑटोवर न ठेवता हातानं करा. दोन सिम वापरणार असाल तर दोन वेगळ्या कंपन्यांची घ्या. एकाच कंपनीची दोन सिम एकाच टॉवरवर भांडतात.

एनपी-एफ९७० बॅटरी साधारण ४७ वॉट-तासांची. १० वॉटच्या एन्कोडरला चार तास धरा. विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत लांबतं, तेव्हा चार बॅटऱ्या आणि दोन चार्जर. एचडीएमआय केबल कॅमेऱ्याच्या पिंजऱ्याला क्लॅम्पनं बांधा. आणि एन्कोडरच्या कार्डवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा: ४ एमबीपीएसला तासाला १.८ जीबी, ६४ जीबीचं कार्ड पुरतं.