बाई, हे तर दिसतंयच की!

आमच्या मुलांना चित्र दाखवलं की ती वर्णनच करणार. पहिलीपासून 'चित्र पाहा आणि पाच वाक्ये लिहा' हे घटवून घेतलेलं असतं, त्यामुळे सहावीत येईपर्यंत पेन आपोआप चालतं. माण तालुक्यातल्या माझ्या वर्गात मी चित्राखाली गमतीची ओळ लिहायला शिकवायचं ठरवलं, तेव्हा पहिली अडचण हीच आली. फोटो होता स्टँडवर लावलेल्या मोटरसायकलचा, तिच्या सीटवर चारी पाय रोवून उभी असलेली शेळी. वह्यांत आलं, 'चित्रात एक शेळी दिसत आहे. ती गाडीवर उभी आहे. शेळी हा उपयुक्त प्राणी आहे.'

मग एक खेळ काढला. फोटोत जे जे दिसतंय ते सगळं मुलांनी ओरडून सांगायचं आणि मी फळ्यावर लिहायचं: शेळी, गाडी, सीट, आरसा, मागची टपरी, लटकलेल्या वेफर्सच्या माळा. फळा भरला की सांगायचं, आता यातली माहिती सांगणारं वाक्य बाद. दिसतंय ते कशाला सांगायचं? जे दिसत नाही ते सांगा. शेळी कुठं निघाली? मालक कुठं गेला? हवालदारानं अडवलं तर ती काय बोलेल? वर्ग पाच मिनिटं नुसता एकमेकांकडं बघत बसला. मग मागून एक आवाज आला, "लायसन घरी ऱ्हायलंय सायेब." त्यानंतर मात्र थांबवावं लागलं. 'किक लागंना, जरा धक्का मारा.' 'पेट्रोल परवडत न्हाय, पाल्यावर चालती.' मी ती वाक्यं बोलली तशीच लिहून घेतली. 'लागत नाही' असं केलं असतं तर शेळी एकदम शहरातली झाली असती. शुद्धलेखन निबंधात बघू.

व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांची चित्रं मी मुद्दाम दाखवली. माझ्या लहानपणी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात त्यांचीच चित्रं असायची. वर्ग मनसोक्त हसला. म्हटलं, आता लिहा याखाली काहीतरी. कुणालाच सुचेना. सुचणारही नाही, कारण त्या चित्रांत सगळी गंमत रेषांनीच सांगून टाकलेली असते, शब्दांना जागाच ठेवलेली नसते. आपल्याला अर्धवट चित्र हवं. माणसं आहेत पण भानगड कळत नाही, किंवा भानगड आहे आणि माणूसच गायब आहे, असलं. त्यानंतर फोटो निवडताना मी हेच बघायला लागले. गावात फिरताना मोबाईलवर काढायचे आणि दहिवडीला गेले की रंगीत प्रिंट मारून आणायच्या.

दुसरा उपयोग झाला व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनचा. १९५१ पासून हा चौकड्यांचा कोट घातलेला गृहस्थ टाइम्स ऑफ इंडियात येत राहिला, पण बोलला नाही. बोलतात ते पुढारी, अधिकारी, शेजारीपाजारी. हा फक्त ऐकतो. मुलांना विचारलं, चित्रात बोलतंय कोण? हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारलेलाच नव्हता. एका कार्यालयाच्या दारात आडवं पसरलेलं कुत्रं होतं. 'कुत्रा झोपला आहे' म्हणणारा तिसराच कुणीतरी. तेच वाक्य कुत्र्याच्या तोंडी द्यायचं ठरलं आणि एका मुलीनं दोनच शब्द लिहिले: 'उद्या या.' मी अजून त्यावर हसते.

तिसरी गोष्ट शब्दांच्या क्रमाची. हसू आणणारा शब्द शेवटी आला पाहिजे, त्यानंतर एक अक्षरही नको. उतू जाणाऱ्या दुधापुढं मन लावून उभ्या असलेल्या पोराचा फोटो होता. पहिलं वाक्य आलं, 'आईनं दूध बघ म्हणून सांगितल्यामुळं मी दूध बघत उभा आहे, पण ते उतू गेलं.' चांगलं होतं, पण फार लांब होतं. फळ्यावर एकेक शब्द पुसत गेलो. उरलं ते असं: 'आई म्हणाली, दूध बघ. बघतोय की!'

नक्कल हा मोठाच त्रास. मोबाईलवरचे पप्पू आणि मास्तर यांचे विनोद मुलांना पाठ असतात, ते कुठंही चिकटवतात. त्यावर एक कसोटी लावली. तुझं वाक्य शेजारच्या चित्राखाली नेऊन ठेव. तिथंही चाललं तर ते तुझं नाही. एसटीच्या समोर रस्त्यात बसलेल्या म्हशीखाली एकानं लिहिलं, 'हात दाखवा म्हणत्यात, म्या शेपूट दाखवली. तरी थांबली.' हे वाक्य दुसरीकडं नेऊन दाखवा बरं.

आणि टिंगल. माणसाचा फोटो आला की जाड, काळा, टक्कल याच्या पुढं गाडी जात नाही. वर्गातल्याच कुणाचं नाव ओळीत घुसतं आणि एक पोर मान खाली घालतं. म्हणून सुरुवातीला माणूस फक्त मीच, असं ठरवलं. प्रजासत्ताक दिनाच्या भाषणात मला मोठी जांभई आली होती, तोच फोटो लावला. बराच वेळ कुणी धजेना. मग चिठ्ठी आली: 'वर्गात जांभया देऊ नका, हे सांगून सांगून दमलेल्या बाई.' यात माझ्या दिसण्यावर काही नव्हतं, वागण्यावर होतं. फरक काय तो त्या चिठ्ठीवरूनच समजावता आला.

आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर वर्गात बघून करायच्या मूल्यमापनाच्या, नोंदवहीत याची नोंद कशी करायची, हा वेगळाच घोळ. 'प्रसंगाला अनुरूप विनोदी वाक्य लिहितो' असं लिहिलं आणि पुढं गेले. आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी ते वाचून फोटो मागवले, शेळी बघितली आणि स्वतः सुचवलं, 'गाडीवर बसलेली शेळी.' पहिल्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "सर, हे तर दिसतंयच की!" ते हसले, हे त्यांचं मोठेपण.

यमकाचं मात्र अजून जमलेलं नाही. दोन ओळी जुळल्या की विनोद झाला, अशी निम्म्या वर्गाची पक्की समजूत आहे. परवा त्याच म्हशीखाली आलं, 'म्हैस बसली रस्त्यात, साखर मिळाली स्वस्तात.' विचारलं, साखर कुठून आली रे मध्येच? तर म्हणतो, "बाई, पण जुळतंय की!"