पोहता येत नसताना कुंडलिकेत राफ्टिंग

रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंगला जाणार असाल तर आधी एवढं लक्षात घ्या की नदीला येणारं हे पाणी वीजघराचं आहे. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि वीज तयार झाली की कुंडलिकेत सोडलं जातं. १९२७ पासून हे असंच चालू आहे. एरवी भीमेकडे गेलं असतं ते पाणी आता रेवदंड्याला समुद्राला मिळतं. या धरणासाठी मावळातल्या लोकांची घरं-शेतं गेली, सेनापती बापटांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला. त्या पाण्यावर मजा करायला जाताना एवढं तरी माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

पाणी सहसा सकाळी सुटतं आणि राफ्ट त्याच्याबरोबर निघतात. म्हणून मुक्काम आदल्या रात्रीच कोलाडला करा. वीजघर बंद असेल तर राफ्टिंगही नसतं, तेव्हा निघण्याआधी फोन करून विचारा.

मला पोहता येत नाही. पाणी कमरेच्या वर आलं की श्वास अडकतो, हे लहानपणापासूनचं. भाचा मागे लागला म्हणून आम्ही गेलो, पण किनाऱ्यावर रबरी बोट बघूनच माझे हात गार पडले. गाइड तिशीचा, इथल्याच गावातला. त्याला स्पष्ट सांगितलं, "मला भीती वाटते आणि पोहता येत नाही." तो म्हणाला, "काकू, आधी जॅकेट बघू."

त्याने लाइफ जॅकेटचे खांद्यावरचे दोन्ही पट्टे धरून मला वर ओढलं. जॅकेट थेट हनुवटीला टेकलं. मग त्याने कुशीतले पट्टे आवळले, पुन्हा ओढलं, आता ते जागचं हललं नाही. श्वास जरा आखडल्यासारखा वाटला, पण तसंच हवं. सैल जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि तोंड खाली जातं. तुमचा गाइड हे करत नसेल तर त्याला करायला लावा.

मग मी आणखी एक मागणी केली: बोटीत बसण्याआधी काठाजवळच्या संथ पाण्यात मला तरंगून बघायचं आहे. त्याने मानेखाली हात धरला. पाणी चांगलंच गार होतं, कानात शिरलं. मग त्याने हात काढला आणि मी तशीच वर राहिले. पाय टेकत नव्हते, तरी बुडत नव्हते. माझी भीती खरी तिथेच ओसरली. राफ्टवर चढण्याआधी ही दोन-चार मिनिटं मागून घ्याच, लाजू नका.

पुढचा प्रवास सुमारे १२ किलोमीटरचा. दोन्ही बाजूंना झाडी, मध्ये खळखळाट, मग पुन्हा संथ डोह. पहिल्या मोठ्या लाटेला बोटीचं नाक वर उठलं आणि पाणी सरळ अंगावर आलं. त्या क्षणी गाइडची "फॉरवर्ड" ही हाक ऐकून वल्हं मारत राहणं एवढंच केलं. हातांना काम असलं की भीतीला जागा कमी पडते. वल्ह्याच्या टोकाची मूठ मात्र सोडू नका, ती सुटली की शेजाऱ्याच्या तोंडावर बसते. पाय समोरच्या हवा भरलेल्या आडव्या नळीखाली रोवून बसा.

पडलातच तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, बोटं पाण्याबाहेर. वाहत्या पाण्यात उभं राहायला जाऊ नका. दगडांत पाय अडकतो आणि पाणी तुम्हाला वाकवतं. दोर फेकला तर तो छातीशी धरा, मनगटाला गुंडाळू नका.

जीन्स नको, लवकर वाळणारे कपडे घाला. चपला वाहून जातात, मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यात. चष्म्याला दोरी बांधा. मोबाइल गाडीतच ठेवा. हृदयविकार, फिट, नुकतंच ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर काठावरूनच बघा. भीती वाटणाऱ्यांनी पहिल्यांदा हिवाळ्यात यावं. पावसाळ्यात धरणाच्या पाण्यात पावसाचं पाणी मिसळतं आणि नदीचा अंदाज बदलतो.

पुण्याहून ताम्हिणी घाटाने, मुंबईहून गोवा महामार्गाने या. कोकण रेल्वेचं कोलाड स्टेशनही आहे, पण तिथे कोणती गाडी थांबते ते बघूनच तिकीट काढा.