आतलं दिसतं का?

"तुम्हाला बाहेरचं दिसत नाही, पण आतलं जास्त दिसत असेल ना?" लोक हे इतक्या मायेने विचारतात की 'नाही' म्हणताना मलाच अपराधी वाटतं. पण नाही. मी माणसं ओळखण्यात तुमच्याइतकीच फसते.

आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ही समजूत फार जुनी आहे. प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या नाटकात डोळस इडिपस राजाला स्वतःबद्दलचं सत्य, म्हणजे आपण नकळत बापाला मारून आईशी लग्न केलंय हे, दिसत नाही; अंध भविष्यवेत्त्या टायरेसियसला ते आधीच ठाऊक असतं. सत्य कळल्यावर इडिपस स्वतःचे डोळे फोडून घेतो. एकाच नाटकात अंधत्व म्हणजे दिव्यदृष्टी आणि शिक्षासुद्धा! साध्या, कंटाळलेल्या, भाजी चिरणाऱ्या अंध माणसाला त्यात जागाच नाही.

तत्त्वज्ञांनी देवाधर्माचं ओझं उतरवलं, पण अंध माणूस त्यांच्यासाठी कोडं झाला. 1688 मध्ये विल्यम मॉलिन्यू या आयरिश विद्वानाने इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकला लिहून विचारलं: स्पर्शाने घन आणि गोल ओळखणाऱ्या जन्मांधाला अचानक दिसू लागलं, तर तो हात न लावता ते ओळखेल का? लॉकचं उत्तर होतं, नाही. खुद्द मॉलिन्यूची बायको लग्नानंतर अंध झाली होती. लॉकच्या ग्रंथात छापलेल्या प्रश्नात ती कुठेच नाही.

म्हणून मला फ्रेंच तत्त्वज्ञ दिदेरो आवडतो. 1749 साली अंधांविषयी पत्ररूप निबंध लिहिताना त्याने प्वीझो गावच्या एका जन्मांध माणसाशी झालेलं बोलणं दिलं. डोळे मिळाले तर आवडेल का, यावर तो माणूस म्हणाला, कुतूहल सोडलं तर लांब हात मिळालेले तितकेच चालतील. चंद्रावर काय चाललंय ते तुमच्या दुर्बिणींपेक्षा माझे हात नीट सांगतील. या उत्तरात ना दुःख आहे ना दिव्यत्व, फक्त सोय पाहणारा माणूस आहे. नास्तिकपणाचा वास येणाऱ्या त्या निबंधामुळे दिदेरोला पॅरिसजवळच्या व्हॅन्सेनच्या किल्ल्यात डांबलं.

तोही धुतल्या तांदळासारखा नव्हता म्हणा. केंब्रिजला गणित आणि प्रकाशशास्त्र शिकवणारा अंध प्राध्यापक निकोलस सॉन्डरसन 1739 मध्ये वारला होता. मृत्युशय्येवर तो देवाच्या अस्तित्वावर वाद घालतो, असं लांबलचक भाषण दिदेरोने स्वतःच रचून त्याच्या तोंडी घातलं. एका अंधाला ऐकून घेतलं आणि त्याच निबंधात दुसऱ्याच्या तोंडून आपलंच म्हणणं वदवलं.