केशरी यीस्ट आणि जैवसुरक्षा समितीचा कागद: माझा अनुभव

पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये दुसऱ्या एका यीस्टची तीन जनुकं घालायची आणि त्याच्याकडून बीटा-कॅरोटीन करून घ्यायचं, हा आमचा प्रकल्प. गाजराचा रंग ज्यामुळे येतो आणि शरीरात गेल्यावर ज्याचं अ जीवनसत्त्व होतं, तेच हे द्रव्य. एम.एस्सी.च्या दोन मुली आणि त्यांची मार्गदर्शक मी. अनुदान छोटंच, पण मंजूर झालेलं. प्रयोगशाळेतलं काम नीट झालं, त्याबद्दल फार लिहीत नाही. लिहायचंय ते एका कागदाबद्दल. त्या कागदापायी मुलींचं जवळजवळ अख्खं सत्र गेलं आणि आजही आठवलं की माझं डोकं तापतं.

आधी कागद कसला ते सांगते, कारण इतर कॉलेजांतल्या शिक्षकांशी बोलताना लक्षात आलं की पुष्कळांना हे धड माहीत नसतं. भारतात जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांवर काम करायचं तर १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू होतात. जंतू रोगाचा असो नाहीतर बेकरीचा, नियम तेच. ज्या संस्थेत असं काम चालतं तिथे संस्थात्मक जैवसुरक्षा समिती लागते, तिला सगळे आयबीएससीच म्हणतात. तिच्या वर जैवतंत्रज्ञान विभागातली, म्हणजे डीबीटीतली आरसीजीएम ही आढावा समिती आणि पुढे पर्यावरण मंत्रालयातली जीईएसी ही मूल्यांकन समिती. बीटी वांगं आणि जीएम मोहरीच्या बातम्यांमुळे मुलींना जीईएसीचंच नाव ठाऊक होतं, त्यामुळे त्या आधीच धास्तावल्या होत्या. प्रत्यक्षात २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सूक्ष्मजीवांचे जोखमीनुसार चार गट आहेत आणि सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, म्हणजे पावाचं यीस्ट, सगळ्यात निर्धोक अशा पहिल्या गटात येतं. जनुकं ज्याच्याकडून घ्यायची होती ते झॅन्थोफायलोमायसिस डेंड्रोऱ्हसही रोग करणारं नाही; झाडांच्या पाझरणाऱ्या रसावर वाढणारं लालसर यीस्ट आहे ते. जास्त जोखमीचे प्रयोग आरसीजीएमकडे जातात. आमचं काम खालच्या पायरीवरचं, आपल्याच कॉलेजच्या समितीने बघून निकाली काढायचं.

म्हणजे कागदावर सही व्हायची होती ती आमच्याच इमारतीत, प्रयोगशाळेच्या खालच्या मजल्यावर. तरी ती होईना.

लेखा विभागाने सुरुवातीलाच सांगितलं, समितीचं पत्र जोडल्याशिवाय बिल निघणार नाही. ते बरोबरच होतं, अनुदानाची अटच तशी होती. जनुकं आजकाल कोणी सूक्ष्मजीवातून काढत बसत नाही. अनुक्रम पाठवला की कंपनी बनवून देते, नळीत वाळलेला डीएनए येतो. पण ऑर्डर द्यायला पैसे लागतात, पैशाला पत्र लागतं, म्हणून मी समितीची चौकशी केली. कार्यालयातून उत्तर आलं, "आहे की मॅडम आपली समिती, नॅकच्या फाईलला पत्र लावलंय."

पत्र खरंच होतं. प्लास्टिकच्या कव्हरात, कोरंकरकरीत. नोंदणी क्रमांक, सदस्यांची नावं, आणि खाली मुदत. समितीची मुदत तीन वर्षांची असते आणि ती केव्हाच उलटून गेली होती. नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था. तिची समिती येऊन बघून गेली, पत्र मोजलं गेलं, फाईल कपाटात परत गेली. मधल्या काळात समितीची बैठक झाल्याचं एकही इतिवृत्त कुठे नव्हतं. नियमाप्रमाणे ती वर्षातून निदान दोनदा व्हायला हवी.

नूतनीकरण करायचं तर डीबीटीचं एक पोर्टल आहे, त्यावरून अर्ज जातो. त्याचं लॉगिन आधीच्या सदस्य-सचिवांच्या नावावर. ते सर सेवानिवृत्त होऊन गावी गेलेले, ओटीपी जायचा त्यांच्या फोनवर. अध्यक्ष म्हणून ज्या प्राचार्यांचं नाव होतं तेही बदलले होते. त्यांच्या जागी प्रभारी प्राचार्य होते आणि त्यांचं म्हणणं, "नियमित प्राचार्य येऊ द्या, मग बघू." समितीत एक वैद्यकीय तज्ज्ञ असावाच लागतो. यादीतले डॉक्टर दवाखाना हलवून दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते. एवढं सगळं कळायलाच कितीतरी चकरा झाल्या, कारण एका टेबलावर एकच गोष्ट सांगतात. दुसरी अडचण पहिली सुटल्यावर कळते.

मी टिपणी लिहून दिली. आवक क्रमांक पडला. फाईल आतून बाहेर आली ती "चर्चा करावी" असा शेरा घेऊन. कोणाशी, कधी, काहीच लिहिलेलं नाही. मी चर्चा करायला गेले तर कार्यालयातले भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, हा विषय महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवावा लागेल. नवी समिती करायची म्हणजे ठराव पाहिजे." विकास समितीची बैठक नुकतीच होऊन गेली होती, पुढची कधी ते ठरलेलं नव्हतं.

मला राग आला तो इथे. जैवसुरक्षेचे नियम नको म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. उलट मला ते नियम शहाणपणाचे वाटतात. कमी धोका तिथे कमी कागद, जास्त धोका तिथे जास्त मोठ्या जाणकारांची नजर, अशी नीट विचार केलेली मांडणी आहे. पण विकास समितीचा ठराव त्या नियमांत कुठेही नाही. समिती संस्थेने नेमायची, डीबीटीचा प्रतिनिधी डीबीटी देते, संपलं. जी अट कोणी घातलेली नाही ती केवळ आपल्या अंगावर काही येऊ नये म्हणून लावायची, आणि त्यात दोन मुलींचं वर्ष जाऊ द्यायचं, हे मला आजही पटत नाही. त्यातल्या एकीचे वडील ऊसतोडीला जातात. तिच्याकडे आणखी एक वर्ष थांबायची सोय नव्हती.

शेवटी फाईल हलली ती पुस्तिकेमुळे. आयबीएससीसाठी डीबीटीची मार्गदर्शक पुस्तिका आहे, ती मी घरी बसून पूर्ण वाचली. त्यात स्पष्ट आहे की समितीचा अध्यक्ष संस्थाप्रमुख किंवा त्यांनी रीतसर नेमलेली व्यक्ती असू शकते. म्हणजे प्रभारी प्राचार्यांना स्वतः अध्यक्ष व्हायचं नसेल तर एखाद्या ज्येष्ठ प्राध्यापकांना नेमता येतं. मी त्या पानाची प्रत काढली, ती दोन वाक्यं पिवळ्या पेनाने रंगवली आणि नवीन टिपणी स्वतः टाईप करून नेली. "मार्गदर्शन व्हावे" असं त्यात कुठेच लिहिलं नाही. खाली तयार आदेशाचा मसुदा जोडला, नावं भरलेली, फक्त सही आणि जावक क्रमांकाची जागा मोकळी. ती फाईल एका दिवसात सही होऊन आली. ज्यांना अशी फाईल सरकवायची असेल त्यांनी एवढं नक्की करावं: वरिष्ठांना निर्णय विचारू नका. निर्णय लिहून न्या, त्याला नियमाचा आधार जोडा. सही करणाऱ्या माणसाला भीती असते ती आपण एकटे पडण्याची. पुस्तिकेचं पान सोबत असलं की ती भीती जाते.

लॉगिनचं काम निवृत्त सरांनी केलं. मी फोनवर नुसतं सांगितलं, तर दुसऱ्या आठवड्यात ते स्वतः एसटीने आले, कार्यालयात बसले, ओटीपी सांगितला, नव्या सदस्य-सचिवांचा ईमेल आणि नंबर चढेपर्यंत उठले नाहीत. चहासुद्धा नंतर घेतला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. डॉक्टर मात्र सहज मिळाले. गावातल्या एका एमडी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी आधी प्रकल्प समजून घेतला आणि लगेच हो म्हटलं.

त्यानंतर पोर्टलवरची मंजुरी, डीबीटीच्या प्रतिनिधींचं नाव येणं, बैठकीची तारीख हे सगळं फारसं न अडता झालं.

बैठक मला फार आवडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी कामाबद्दल विचारत होतं. डीबीटीचे प्रतिनिधी ऑनलाइन होते. त्यांनी पहिला प्रश्न टाकला प्रतिजैविक-रोधक जनुकाचा. यीस्टमध्ये आम्ही तसं जनुक वापरत नव्हतो. आमच्या यीस्टला वाढीसाठी लागणारं युरॅसिल हे द्रव्य स्वतः बनवता येत नाही, ती क्षमता प्लाझ्मिडवरून, म्हणजे जनुकं वाहून नेणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यावरून मिळते, त्यामुळे युरॅसिल नसलेल्या माध्यमावर, म्हणजे पोषक खाद्यावर, फक्त बदललेलं यीस्ट वाढतं. पण तो प्लाझ्मिड आधी ई. कोलाय या जिवाणूमध्ये वाढवावा लागतो आणि तिथे अँपिसिलिन-रोधक जनुक असतंच. मुलींनी दोन्ही सांगितलं. तुम्ही अर्ज करणार असाल तर हे अर्जातच लिहा, लपवल्यासारखं दिसू देऊ नका. मग कचऱ्याचा विषय निघाला: प्लेटा, माध्यम, टिपा, सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, १२१ अंशांवर वीस मिनिटं निर्जंतुक करायचं, सोबत लावलेल्या खुणेच्या पट्टीवरच्या रेघा काळ्या झाल्याचं बघून ती पट्टी नोंदवहीत चिकटवायची. डॉक्टरांनी विचारलं, हे कोणी चाखून बघणार आहे का? नाही. अर्जात तसं लिहिलेलंच होतं. परवानगी त्याच बैठकीत मिळाली.

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण बरेच जण दोन परवानग्यांची गल्लत करतात. समितीची परवानगी प्रयोगशाळेत बनवण्यापुरती असते. खाण्यात आणायचं तर वेगळा रस्ता, तो एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडून जातो. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यातलं २२ वं कलम जनुकीय बदलाच्या अन्नाला मान्यतेशिवाय विक्रीस मनाई करतं. आणि यीस्ट मोठ्या भांड्यात वाढवायचं म्हटलं, २० लिटरच्या वर, तर तेही कॉलेजच्या समितीच्या हातात राहत नाही. आमचं काम फ्लास्कातलं होतं.

आता दोन शब्द त्या यीस्टबद्दल, कारण एवढी धडपड ज्याच्यासाठी केली ते दिसलं तेव्हा मी आणि मुली कितीतरी वेळ नुसत्या बघत होतो. साधं यीस्ट प्लेटवर सायीच्या रंगाचं दिसतं. डीएनए घातलेल्या पेशी ३० अंशांवर ठेवल्या, तीन-चार दिवसांनी त्या पांढुरक्या ठिपक्यांत पिवळे आणि गडद केशरी ठिपके वेगळे उठून दिसत होते. यीस्ट स्वतःच्या पेशीच्या पडद्यासाठी एर्गोस्टेरॉल नावाचं द्रव्य बनवतं. त्याच वाटेवर मध्येच एक पदार्थ असतो, तो उचलून सीआरटी-ई, सीआरटी-वायबी आणि सीआरटी-आय या तीन जनुकांची विकरं (एन्झाइम) त्याचं बीटा-कॅरोटीन करतात. वायबी एकटंच दोन कामं करतं, सुरुवातीचं आणि शेवटचं. ही युक्ती आमची नाही, २००७ साली नेदरलंड्समधल्या संशोधकांनी ती प्रसिद्ध केली होती. आम्ही ती आपल्या हाताने करून बघितली. हे द्रव्य पेशीच्या आतच राहतं, बाहेर येत नाही. म्हणून काचेच्या बारीक मण्यांसोबत पेशी हलवून फोडल्या, ॲसिटोनमध्ये उतरवलं आणि ४५० नॅनोमीटरवर मोजलं. ज्या प्लाझ्मिडवर जनुकं असतात तो काही पेशी टाकून देतात, त्यामुळे केशरीत पांढरे ठिपके परत दिसले तर घाबरू नका, युरॅसिल नसलेल्या माध्यमावर पुन्हा पसरवा.

मुलींच्या घरच्यांना हे काहीतरी भलतंच वाटत होतं. त्यांना मी चीजचं उदाहरण दिलं. दूध नासवायला पूर्वी वासराच्या पोटातलं रेनेट लागायचं. त्यातलं कायमोसिन नावाचं विकर १९९० साली अमेरिकेत जनुक बदललेल्या जिवाणूकडून बनवायला मान्यता मिळाली, आणि आज जगातलं बरंचसं चीज सूक्ष्मजीवांकडून मिळवलेल्या कायमोसिनने बनतं. गोळीतलं बी-२ जीवनसत्त्वही आता सूक्ष्मजीवच बनवतात. २०२४ मध्ये केंद्राने बायोई३ हे जैव-उत्पादनाचं धोरण मंजूर केलं, त्यात अशा पद्धतीने प्रथिनं आणि पोषक द्रव्यं बनवण्यावर भर आहे. हे काम उद्या होणारच आहे. ते करणारे हात फक्त मोठ्या शहरांतल्या संस्थांतून का यावेत? तालुक्याच्या कॉलेजात इन्क्युबेटर आहे, ऑटोक्लेव्ह आहे, शिकायला आलेल्या मुली आहेत. तिथे हे काम एका मुदत संपलेल्या पत्रावर अडावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मधल्या काही गोष्टी राहिल्या. यीस्टचा मूळ वाण ज्या प्रयोगशाळेकडून घ्याल तिच्याकडून हस्तांतराचं पत्र घ्या, समिती मागते. पुण्यात एनसीएलमध्ये औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, साधे वाण तिथून रीतसर मिळतात. पोर्टलचा ईमेल कोणाच्या व्यक्तिगत नावाचा ठेवू नका, विभागाच्या नावाचा काढा. समितीचा वार्षिक अहवाल आरसीजीएमला जावा लागतो. तो कोण पाठवणार हे पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. आणि प्रकल्प सुचायच्या आधी, अनुदानाचा अर्ज भरायच्याही आधी, आपल्या समितीची मुदत कधी संपते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कोणी "आहे" म्हटलं म्हणून पुढे जाऊ नका.

पुढच्या तुकडीला वायबीच्या जागी जिवाणूचं फक्त पहिलं काम करणारं जनुक घालून लायकोपीन करायचंय, टोमॅटोचा लाल रंग देतं ते. नवं जनुक आलं म्हणजे नवा अर्ज आलाच. तो दिवाळीच्या सुट्टीआधी सदस्य-सचिवांच्या हातात देणार आहोत.