तुम्ही विचारलंत म्हणून: आलेख सर्किटचा की प्रोबचा?

‘साधा आर-सी फिल्टर आहे. हिशोबाने कटऑफ 15.9 किलोहर्ट्झला यायला हवा, पण स्कोपवर भलतीकडेच येतोय. स्कोप बिघडलाय का?’ हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो की आता एकदा सविस्तर उत्तर लिहूनच टाकतो. कधी फिल्टरच्या जागी ॲम्प्लिफायर असतो, कधी स्पीकरचा क्रॉसओव्हर. तक्रार मात्र तीच: कागदावर एक, पडद्यावर दुसरंच. (आर-सी म्हणजे रेझिस्टर-कपॅसिटर, कटऑफ म्हणजे जिथून फिल्टर सिग्नल अडवायला लागतो ती फ्रिक्वेन्सी, स्कोप म्हणजे ऑसिलोस्कोप, आणि आलेख म्हणजे फ्रिक्वेन्सीनुसार सर्किटचा आउटपुट कसा बदलतो त्याचा.)

स्कोप बिघडलेला असण्याची शक्यता फार कमी. त्याला जे जे जोडलंय ते सगळं तो इमानेइतबारे मोजतो, आणि त्या सगळ्यात तुमचं सर्किट हा फक्त एक तुकडा असतो. जनरेटर (चाचणीचा सिग्नल देणारं यंत्र), केबल, प्रोब (सिग्नल स्कोपपर्यंत नेणारी टोकदार तार), ग्राउंडची चिमटी, स्कोपचा स्वतःचा इनपुट, हे सगळे त्या आलेखात आपापला वाटा घालतात. म्हणून मी आधी उलट विचारतो: सर्किट बाजूला ठेवून नुसती तार मोजलीत का?

म्हणजे असं. जनरेटरच्या आउटपुटवर एकाच बिंदूला दोन्ही प्रोब लावायचे आणि नेहमीसारखा पूर्ण स्वीप घ्यायचा, म्हणजे फ्रिक्वेन्सी खालपासून वरपर्यंत फिरवत मोजायचं. दोन्ही चॅनल एकच सिग्नल बघताहेत, तेव्हा गेन (आउटपुट भागिले इनपुट) सगळीकडे 0 डेसिबल आणि फेज (एक लहर दुसरीच्या किती मागे-पुढे आहे ते) 0 अंश आलाच पाहिजे. येत नसेल तर जो काही फरक दिसतोय तो पुढे तुमच्या सर्किटच्या नावावर जमा होणार आहे. याला पाच मिनिटंही लागत नाहीत, तरीही जवळपास कुणीच हे करत नाही. मला याचं आश्चर्य वाटणं आता थांबलंय.

तारेचा आलेख वाकडा आला तर त्याचा आकार नीट बघा, कारण निम्मं निदान तिथेच होतं. आलेख सपाट आहे पण बरोबर 20 डेसिबल वर किंवा खाली सरकलाय, तर एका प्रोबची कळ 10x वर (सिग्नल दहापट कमी) आहे आणि स्कोपच्या मेनूत 1x (जसाच्या तसा) लिहिलंय, किंवा उलट. एक-दोन किलोहर्ट्झच्या आसपास आलेख हलकीशी पायरी चढतो किंवा उतरतो आणि पुढे पुन्हा सपाट होतो, तर प्रोबचं कॉम्पेन्सेशन बिघडलंय. 10x प्रोबमध्ये कमी फ्रिक्वेन्सीला सिग्नलचे भाग रेझिस्टर पाडतात आणि जास्त फ्रिक्वेन्सीला कपॅसिटर. दोघांचं प्रमाण जुळलं नाही की ही पायरी येते. स्कोपवरच्या 1 किलोहर्ट्झच्या चौकोनी लहरीवर प्रोबचा ट्रिमर (छोटा स्क्रू) फिरवून ते जुळवायचं असतं, आणि ज्या चॅनलवर प्रोब वापरणार त्याच चॅनलवर. 20 मेगाहर्ट्झच्या आसपास एकच बाजू घसरायला लागली तर त्या चॅनलची बँडविड्थ लिमिट (जास्त फ्रिक्वेन्सी कापणारी सोय) चालू राहिलीय. अगदी खाली, काही हर्ट्झपाशी घसरण दिसली तर एक चॅनल एसी कपलिंगवर (जे डीसी भाग अडवतं) आणि दुसरा डीसीवर असणार.

फेज मात्र वेगळी गंमत करतो. एका बाजूला एक मीटर जास्त कोॲक्स केबल असेल तर साधारण 5 नॅनोसेकंद उशीर होतो. 10 किलोहर्ट्झला तो 0.018 अंश, म्हणजे दिसणारही नाही. 10 मेगाहर्ट्झला तोच 18 अंश होतो. ॲम्प्लिफायर स्थिर आहे की नाही हे फेजवरून ठरवणाऱ्याला हे 18 अंश चांगलेच महागात पडतात. बहुतेक स्कोपमध्ये डीस्क्यूची (चॅनलमधला असा उशीर भरून काढायची) सोय असते, ती वापरा.

आता तार स्वच्छ आली, आणि तरीही फिल्टर चुकीचाच दिसतोय. इथे खरा संशयित प्रोबच असतो, कारण तारेच्या चाचणीत तो सहज सुटून जातो. जनरेटरचा आउटपुट 50 ओहमचा. त्याला प्रोबचं ओझं जाणवतच नाही. तुमच्या सर्किटचं तसं नाही.

वर म्हटलेलंच उदाहरण घेऊ. 1 किलोओहम आणि 10 नॅनोफॅरॅड घेतलं तर कटऑफ 15.9 किलोहर्ट्झ. 100 किलोओहम आणि 100 पिकोफॅरॅड घेतलं तरी कटऑफ 15.9 किलोहर्ट्झच. कागदावर दोन्ही फिल्टर सख्खे जुळे. पण 1x प्रोब केबलसकट सर्किटवर साधारण 100 पिकोफॅरॅड लादतो. पहिल्या फिल्टरला त्याने एक टक्का फरक पडतो. दुसऱ्याचा कपॅसिटर मात्र थेट दुप्पट होतो, वर स्कोपचा 1 मेगाओहम समांतर येतो, आणि कटऑफ उतरून 8.75 किलोहर्ट्झवर बसतो. शिवाय पासबँड (फिल्टर ज्या फ्रिक्वेन्सी जाऊ देतो तो पट्टा) 0.8 डेसिबलने खाली जातो. 10x प्रोबचे 10–12 पिकोफॅरॅड धरले तरी दुसरा फिल्टर चौदा किलोहर्ट्झच्या थोडा वरच अडकतो. म्हणून ‘हिशोब बरोबर आहे ना?’ असं विचारणाऱ्याला मी म्हणतो की आहे, फक्त हिशोबात प्रोबही मांडा. किंवा फिल्टरनंतर एक ऑप-ॲम्प बफर (पुढचं ओझं फिल्टरला जाणवू न देणारा) ठेवा आणि त्याच्या मागून मोजा.

इनपुटचा प्रोब कुठे लावायचा यावरही बरीच हुज्जत चालते. जनरेटरच्या पडद्यावर 1 व्होल्ट लिहिलंय म्हणजे सर्किटला 1 व्होल्ट मिळतोय असं धरून चालू नका. पुढचं ओझं ‘हाय-झेड’ (खूप जास्त रोध) आहे की ‘50 ओहम’ हे जनरेटरला चुकीचं सांगितलं असेल तर आकडा दुपटीने किंवा निम्म्याने चुकतो, म्हणजे 6 डेसिबल. एलसी (इंडक्टर-कपॅसिटर) सर्किटमध्ये तर इनपुटचा इम्पीडन्स (एसी सिग्नलला होणारा रोध) फ्रिक्वेन्सीबरोबर बदलतो आणि 50 ओहमवर पडणारा व्होल्टेजही. पहिला चॅनल थेट सर्किटच्या इनपुटपाशी लावा, गुणोत्तर तिथून काढा. मग जनरेटर काय म्हणतो याच्याशी देणंघेणं उरत नाही.

ग्राउंडबद्दल एकच बजावतो. बहुतेक बेंच स्कोपच्या सगळ्या चॅनलची ग्राउंडची चिमटी आतून एकमेकींना आणि भिंतीतल्या अर्थिंगला जोडलेली असते. दोन प्रोबच्या चिमट्या दोन वेगळ्या बिंदूंना लावल्यात तर मधला भाग तुम्ही शॉर्ट केलात, आणि मग आलेखातून अख्खा रेझिस्टर गायब होतो. अधांतरी (ग्राउंडला न जोडलेल्या दोन बिंदूंमधला) व्होल्टेज मोजायचा असेल तर दोन चॅनलची वजाबाकी घ्या किंवा डिफरन्शियल प्रोब वापरा. प्लगची अर्थ पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर त्याचं ऐकू नका. त्याने स्कोपचा धातूचा भागच जिवंत होऊ शकतो. आणि 20-30 मेगाहर्ट्झच्या वर जाणार असाल तर ती लांब चिमटी विसरा. 15 सेंटिमीटर तारेचं इंडक्टन्स ढोबळमानाने 150 नॅनोहेन्री, प्रोबचे 10 पिकोफॅरॅड, की झाला 130 मेगाहर्ट्झचा रेझोनन्स, जो तुम्ही कधी डिझाइन केलाच नव्हता.

दुसरी नेहमीची तक्रार स्टॉपबँडची, म्हणजे फिल्टर ज्या फ्रिक्वेन्सी अडवतो त्या पट्ट्याची. ‘नॉच 60 डेसिबलचा हवा होता, पण 40 वरच अडकतो.’ नॉच म्हणजे एखाद्या फ्रिक्वेन्सीला आलेखात पडणारा खड्डा. बऱ्याचदा तो खोलच असतो, खाली बघायला स्कोप कमी पडतो. नेहमीच्या डिजिटल स्कोपचा कन्व्हर्टर (व्होल्टेजचे आकडे करणारा भाग) 8 बिटचा, म्हणजे 256 पायऱ्या, म्हणजे 48 डेसिबलचा पल्ला, आणि तोही सिग्नलने पडदा पूर्ण भरला असेल तर. सिग्नल पडद्याच्या आठव्या भागातच असेल तर 32 पायऱ्या उरल्या. त्यात 10x प्रोबने 20 डेसिबल आधीच खाल्ले. वर पीक-टू-पीक मोजणी लावली असेल तर ती नॉइजची टोकं प्रामाणिकपणे सिग्नल म्हणून मोजते. प्रत्येक टप्प्यावर व्होल्ट प्रति डिव्हिजन बदला, स्टॉपबँडमध्ये जनरेटरची पातळी वाढवा, ॲव्हरेजिंग (अनेक लहरींची सरासरी) लावा.

ॲव्हरेजिंग लावताना ट्रिगर (लहर कुठून पकडायची ते ठरवणारी सोय) मात्र इनपुटच्या चॅनलवरच ठेवा. आउटपुटवर ठेवलात तर नॉचपाशी सिग्नल बारीक होतो, ट्रिगर सुटतो, प्रत्येक वेळी लहर वेगळ्या फेजला पकडली जाते आणि सरासरी शून्याकडे जाते. मग पडद्यावर 80 डेसिबलचा देखणा नॉच उमटतो. आधी उथळ नॉचची तक्रार करणारा माणूस अशा वेळी खूश असतो, म्हणून ही चूक सापडायला जास्त वेळ लागतो.

हाताने स्वीप करत असाल तर टाइमबेसकडेही (पडद्यावर किती वेळ मावतो याकडे) लक्ष असू द्या. पडद्यावर एकूण 1 सेकंद आणि मेमरी 10 लाख बिंदूंची, तर स्कोप सेकंदाला 10 लाखच नमुने घेतो, मग डब्यावर कितीही गिगासॅम्पल छापलेले असोत. त्या वेळी 10 लाख 1 हजार हर्ट्झची लहर आली तर ती 1 किलोहर्ट्झची म्हणून सुबक दिसेल.

ॲम्प्लिफायरवाल्यांसाठी एक चाचणी मी तारेइतकीच महत्त्वाची मानतो: इनपुट दहापट कमी करून स्वीप पुन्हा घ्या. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स ही कल्पनाच मुळी रेषीय सर्किटसाठी आहे, तेव्हा पातळी बदलल्याने आलेखाचा आकार बदलता कामा नये. जुना 741 ऑप-ॲम्प घ्या. त्याचा गेन-बँडविड्थ (गेन आणि बँडविड्थचा गुणाकार) साधारण 1 मेगाहर्ट्झ, म्हणून 10 गेनला 100 किलोहर्ट्झ अपेक्षित. पण त्याचा स्लू रेट (आउटपुट जास्तीत जास्त किती वेगाने बदलू शकतो ते) मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट. आउटपुटवर 5 व्होल्ट पीक मागितलेत तर 16 किलोहर्ट्झच्या पुढे तो तेवढा वेग गाठू शकत नाही. साइनचा त्रिकोण होऊ लागतो आणि आलेख तिथूनच घसरतो. इनपुट 50 मिलिव्होल्टवर आणलात की तोच चिप 100 किलोहर्ट्झपर्यंत जातो. नुसत्या आलेखावरून यातलं काही कळत नाही, लहर डोळ्यांनी बघावीच लागते. स्वयंचलित बोडे प्लॉटमध्ये (स्कोपने स्वतःच काढलेल्या गेन-फेजच्या आलेखात) नेमकी तीच झाकली जाते, म्हणून मला ते पूर्ण आवडत नाहीत.

हे सगळं करूनही आलेख जुळत नसेल तर कपॅसिटर सोडवून एलसीआर मीटरवर (कपॅसिटन्स मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा. इलेक्ट्रोलिटिकवर छापलेल्या आकड्यात 20 टक्के इकडेतिकडे असणं अगदी सामान्य आहे. एक्स7आर प्रकारचा सिरॅमिक असेल तर मीटर जे दाखवेल तेही सर्किटमध्ये उरेलच असं नाही: त्यावर डीसी व्होल्टेज आला की कपॅसिटन्स कमी होतो, लहान आकाराच्या कपॅसिटरमध्ये रेटेड व्होल्टेजच्या जवळ तर निम्म्याहूनही खाली. त्या जागी सी0जी (स्थिर प्रकारचा सिरॅमिक) किंवा फिल्म कपॅसिटर लावून स्वीप घ्या. कटऑफ जागेवर आला, तर स्कोप पहिल्यापासून बरोबरच दाखवत होता.