कोळीणमावशीच्या पुस्तकाचा अपडेट: अखेर वाक्य आलं!

मंडळी, वाक्य आलं! अर्धवट नाही, बोट दाखवून 'हे' नाही, अख्खं वाक्य, आणि तेही मी काही विचारलेलं नसताना. "मावशी चहा पीत होती ना, तेव्हा मांजरीने गुपचूप पापलेट ओढलं आणि बाकड्याखाली नेलं." बोलणारी कोण, तर आमच्या मुलांच्या शनिवारच्या वाचन-बैठकीतली, बी विंगमधली सव्वाचार वर्षांची मेंबर, जी मे महिन्यापर्यंत त्याच पानावर फक्त 'मासा' म्हणून पुढच्या पानाकडे हात टाकायची. आनंदाची बातमी पोटात ठरेना म्हणून आधी सांगून टाकली, आता रडगाणं.

पुस्तक आठवत असेलच, तेच ते बिनशब्दांचं, घडीघडीचं (पंख्यासारखं उलगडणारं), संवादी वाचनासाठी, म्हणजे मोठ्यांनी विचारत जायचं आणि गोष्ट मुलांनी सांगायची यासाठी, मी हाताने केलेलं. पहाटे ससून डॉक, मावशी पाटी घेते, मग लोकलचा लगेजचा डबा, मग गोरेगावचा प्लॅटफॉर्म, तिथे ती पाटी खाली ठेवून चहा घेते, पाठ पाटीकडे, बाकड्याखाली मांजर. पुढच्या पानावर पाटीवरचं फडकं सरकलेलं आणि बाकड्याखालून एक शेपटी बाहेर, मांजराची नव्हे, माशाची. त्याच्या पुढच्या पानावर मावशी पाटीत बघतेय आणि तोंडाचा आ. मांजर मासा पळवतंय असं चित्र मुद्दामच काढलेलं नाही, ते दोन पानांच्या मधे घडतं आणि ते मुलांनी भरायचं, अशी माझी सगळी आयडिया.

पोरं काही भरायलाच तयार नाहीत ना पण. पान उघडलं की हजेरी सुरू. "मासा! मांजर! चहा! ट्रेन! पिशवी! कावळा!" कावळा मी विजेच्या तारेवर नखाएवढा काढलाय, तोही सुटत नाही. नजर तेज आहे, शब्दसंग्रह उत्तम आहे, सुरमई आणि बांगडा वेगळे ओळखतात (इथे कोळीवाड्याच्या रक्ताचे दोन मेंबर आहेत, त्यांनी माझ्या बोंबलाचं तोंड चुकलंय म्हणून सुनावलं सुद्धा), पण कोणी काय केलं, आधी काय झालं, का झालं, यातलं काहीही नाही. यादी संपली की पान उलटा.

आता उपाय. संवादी वाचनातल्या प्रश्नांच्या 'क्राउड' (CROWD) यादीतले सगळे प्रकार करून झाले. गाळलेली जागा भरा म्हटलं, "मांजर बाकड्या..." तर सगळे कोरसमध्ये "खाली!", झालं, एक शब्द. काय, कोण, कुठे विचारलं की पुन्हा नावंच येणार, कारण त्या प्रश्नांचं उत्तरच नाव असतं. "इथे काय चाललंय?" हा आपल्या सगळ्यांचा लाडका मोकळा प्रश्न टाकला की असा सन्नाटा की खालच्या भाजीवाल्याची आरोळी ऐकू यावी. त्यातल्या त्यात स्वतःच्या अनुभवाशी जोडणारा प्रश्न चालला, "तुमच्याकडे मासे कोण आणतं?" यावर बाबा, आजी, स्विगी, "आम्ही नाही खात" अशी वीस मिनिटं चर्चा झाली, झकास भाषा, फक्त पुस्तक बाजूला पडलं.

मग वाटलं चित्रात गर्दी जास्त आहे, म्हणून प्लॅटफॉर्मचं पान नव्याने काढलं, कावळा, पिशव्या, इंडिकेटर, सगळं उडवलं, फक्त मावशी, पाटी, बाकडं, मांजर. यादी छोटी झाली एवढंच. शिवाय कावळा कुठे गेला म्हणून निषेध, त्यामुळे कावळा परत आलाय.

त्यानंतर चुकीचं सांगायचा प्रयोग, जो इथे दोघातिघांनी सुचवला होता. "अरे वा, मावशी मांजराला चहा पाजतेय!" पहिल्या वेळी जबरदस्त चालला, "नाहीऽऽ, मावशी स्वतः पितेय!" अशी वाक्यं पडायला लागली आणि मी मनातल्या मनात ढोल वाजवले. पण पुढच्या शनिवारी मुलांना त्यातला खेळ कळला आणि मग मी तोंड उघडलं की नुसतं "नाहीऽऽ", पुढे खिदळणं, वाक्य गायब. तरी हा प्रकार फेकून देऊ नका, महिन्यातून एकदा बाहेर काढायला चांगला आहे.

मधल्या काळात पावसाने पुस्तकच घेतलं. जुलैच्या हवेत पुठ्ठ्याने अशी पाठ काढली की पानं धनुष्यासारखी उभी राहायला लागली. फोर्टातल्या ज्या दुकानाने दोन मिलीमीटरचा ग्रे बोर्ड म्हणून गळ्यात मारला तो घरी मोजला तर दीडच भरला, पण खरं सांगायचं तर दीडच बरा निघाला, लहान बोटांना पान चिमटीत धरता येतं आणि वजनही हलकं. वाकण्यावर उपाय तोच जुना, एका बाजूला चित्र चिकटवलंत तर मागच्या बाजूलाही तेवढाच कागद चिकटवा, नाहीतर फेविकॉल सुकताना कागद पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढणारच, आणि कागदाची ग्रेन (तंतूंची दिशा) पुठ्ठ्याच्या ग्रेनला समांतर ठेवा. वर जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा, निदान एक अख्खी रात्र, पावसाळ्यात दोन. बिजागरीला मात्र बाइंडिंग क्लॉथच, सेलोटेपचं नाव काढू नका. आणि लॅमिनेशन मॅट! ग्लॉसवर ट्यूबलाइट चमकते आणि कडेला बसलेल्या मुलांना मांजराच्या जागी पांढरा पट्टा दिसतो.

असो, मूळ मुद्दा. आमच्या शनिवारच्या बैठकीला एक आजी येतात, नातवाला सोडायला म्हणून यायच्या, आता नातू पहिलीत गेला तरी येतात. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्या तो काळा गॉगल घालून, एका डोळ्याला पट्टी लावून हजर. पोरं आधी गॉगलवरच फिदा. मी पुस्तक उघडलं, हजेरी सुरू झाली, "मासा! मांजर!", आणि आजी मागून म्हणाल्या, "अरे बाळांनो, मला काही दिसत नाहीये, नीट सांगा की काय झालं ते." एकाने बोट दाखवलं, "हे बघा ना, हे." आजी म्हणाल्या, "बोट दिसत असतं तर विचारलं असतं का रे?"

आणि मग जे सुरू झालं! "मांजर आहे." "कुठंय?" "इथे." "इथे म्हंजे कुठे?" "बाकड्याच्या खाली, लपून बसलंय." "लपलंय कशाला मेलं?" "कारण त्याला मासा पायजे आणि मावशी ओरडेल." कारण! मंडळी, 'कारण' आलं! मी कोपऱ्यात पुस्तक धरून गप्प उभी. घरी हिंदी बोलणारा एक मेंबर आहे, तो म्हणाला, "बिल्लीने मछली ले ली." आजी लगेच, "अगं बाई, मांजरीने मासा नेला? कधी नेला?" आणि तो, "मावशी चाय पीत होती तेव्हा नेला." मुलाचं वाक्य उचलायचं, थोडं भरून परत द्यायचं आणि पुढचं विचारायचं, संवादी वाचनाच्या पायऱ्या म्हणून आपण 'पीअर' (PEER) नावाने जे पाठ करत बसतो ते आजींनी आयुष्यात न शिकता केलं, वर 'मेलं' हा शब्दही फुकट शिकवला. (एका आईचा मेसेज आलाय त्याबद्दल.)

तेव्हापासून डोक्यात हेच. मला चित्र दिसतंय हे मुलांना दिसतंय. मग जे मला दिसतंय ते मला कशाला सांगायचं? मी विचारते ती परीक्षा, आणि परीक्षेला एका शब्दाचं उत्तर पुरतं. आजींना मात्र खरंच गरज होती. बोट चालत नाही म्हटल्यावर खाली, मागे, आत, कडेला हे सगळे शब्द कामाला लागले, आणि 'मग' आणि 'तेव्हा' शिवाय गोष्ट पुढे सरकेना. व्हाइटहर्स्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा आणि मंडळींचा १९८८ चा पेपर पुन्हा वाचला, ज्यावरून आपण सगळे हे संवादी वाचन करतो. त्यातली मुलं २१ ते ३५ महिन्यांची होती, आईबाबांच्या शेजारी बसून पुस्तक बघणारी. त्या वयाला नाव सांगणं हेच मोठं काम आहे, तिथे शेजारी बसणं बरोबर. पण आमची बहुतेक साडेतीन ते पाचची पलटण, ही नावांच्या पुढे गेलेली आहे. त्यांच्यासाठी मोठ्या माणसाने बाजूला नाही, समोर बसायला हवं, पुस्तकाच्या पाठीकडे. हे माझं मत, भांडायला या.

वयाचा फरक मात्र ठळक दिसला. आमचा सर्वात धाकटा, नुकताच तिसरा वाढदिवस झालेला, त्याने आजींची अडचण ऐकून घेतली, पुस्तक उचललं आणि थेट त्यांच्या गॉगलला टेकवलं. "आता बघा." त्याला उगाच वाक्याला लावायचं नाही, तो फडकं उचलायच्या फ्लॅपवर खूश आहे, दोन बोटांच्या चिमटीने उचलतो आणि आतला मासा मोजतो, त्याचं त्याच्या जागी चाललंय.

पण आजींचा डोळा बरा झाला ना! पट्टी गेली, गॉगल गेला, आणि सव्वाचार वर्षांच्या बाई म्हणाल्या, "आजी, तुम्हाला आता दिसतं, तुम्हीच बघा." आजींनी डोळे मिटून बघितले, तेही चालेना, फसवाफसवी त्यांना लगेच कळते. मी पुस्तकामागे बसून दिसत नाही म्हटलं तर मला पुढे या म्हणाले, "जागा आहे की."

म्हणून आता फोन. हे सगळ्यात भारी निघालं, करून बघा. प्रत्येकाची कोणी ना कोणी गावाला आहे, चिपळूणला आत्या, साताऱ्याला आजोबा, एकाची नानी जौनपूरला. फोन स्पीकरवर, पुस्तक मुलाच्या मांडीवर, आणि पलीकडच्या माणसाला आधी एवढंच सांगून ठेवायचं की 'हो का, मग?' याशिवाय काही बोलू नका, आणि शाब्बासकी शेवटी. व्हिडिओ कॉल अजिबात नको, तो लावला की पान कॅमेऱ्याला चिकटलंच म्हणून समजा, धाकट्याचा गॉगल प्रयोग परत. पहिल्यांदा फोनवर मान हलवून 'हो' म्हणतात, पलीकडून "अरे बोल की" आलं की सुधारतात. वर दिलेलं पापलेटचं वाक्य फोनवरचंच आहे, चिपळूणच्या आत्याला सांगितलेलं. आत्यांनी विचारलं, "पापलेट केवढ्याला होतं?" त्यावर बराच वेळ शांतता आणि मग, "मांजराला फ्री."

छोट्या गोष्टीत एक, पुस्तक पूर्ण उलगडून जमिनीवर पसरलं की त्याची लांबलचक गाडी होते आणि मुलं तिच्या कडेने चालत चालत गोष्ट सांगतात, पुढे जातात, विसरलं की मागे येतात. बसून न सांगणारा एक मुलगा चालत सांगतो. घडीच्या पुस्तकावर पैसे आणि अंगठा दोन्ही खर्च झाले त्याचं चीज झालं.

पुढचा प्लॅन खरं तर पुस्तक क्रमांक दोन, भाजी मंडईचं, असा होता, स्केचेसही अर्धी झालीयत. पण हे टाइप करता करता वाटतंय की पुस्तक नकोच, सुटी पानं करूया. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणारे कलाकार, आठवा, तेही सुटी चित्रंच वापरतात, पाठीला पाठ चिकटवलेली, एकेक उचलून गोष्ट सांगतात. फक्त आपण उलटं करायचं, चित्र सांगणाऱ्याकडे, श्रोत्याकडे पाठ. आणि त्याहून पुढे, स्पीच थेरपिस्ट मधे आडोसा ठेवून जो खेळ घेतात तो, दोन मुलं समोरासमोर, मधे पुठ्ठ्याची भिंत, दोघांकडे जवळजवळ सारखं चित्र, एकाच्या पाटीत मासा आहे आणि दुसऱ्याच्या नाही, एकमेकांना विचारून फरक शोधा. मग आजीही नको, फोनही नको, दोघांनाही एकमेकांची खरीच गरज. चित्रं काढत बसायला नको, स्टोरीवीव्हर या प्रथम बुक्सच्या मोफत बालगोष्टींच्या साइटवरच्या बऱ्याच गोष्टींचं लायसन्स चित्रात बदल करायला परवानगी देतं, मूळ चित्रकाराचं नाव, लायसन्स आणि बदल केल्याची नोंद लिहिली की झालं. तर मंडईची स्केचेस तूर्त बासनात.

भिंतीसाठी पिझ्झाचे खोके सुचवू नका, तेलकट असतात आणि मुंग्या येतात. फ्रीजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा कोणाकडे पडून असेल तर गोरेगाव ते दादर कुठूनही उचलायला येईन, चाळीस बाय पन्नास सेंटिमीटरचे तुकडे निघाले तरी पुरे, आणि कडा दुमडायला बाइंडिंग क्लॉथ लाल सोडून कुठल्याही रंगाचं चालेल, लालचा रंग पावसात हाताला लागतो.